सात वेळा पाठवलेला लेख

कानाच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक मुलगी वडिलांच्या कानाशी वाकून बोलत होती.

“बाबा, कानाच्या यंत्राचा तो लेख तुम्ही घरच्या ग्रुपवर सात वेळा टाकलात!”

“चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली; माझा एक लेख कोणी उघडेना.”

“आम्हाला वाटलं, नेहमीसारखंच काहीतरी फॉरवर्ड केलंय. काल दादाने वाचला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सरळ सांगायचं ना, ऐकू येत नाही म्हणून!”

“सांगितलं असतं, तर सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागले असते.”

“मग काय बिघडलं असतं?”

“ओरडून बोललं की प्रत्येक जण रागावल्यासारखाच वाटतो गं.”

आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. मुलीने हाक मारली नाही. हळूच त्यांचा हात धरून ती उठली.