तितराचा परवाना

सरकारी खिडकीमागचा माणूसच गोंधळलेला कधी बघितलाय? मी बघितलाय, इथे इस्राएलात, अरादला, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास. आमचे सासरे तेव्हा ऐंशीचे. घरामागच्या टेकडीवर तितरं फिरताना दिसली आणि म्हातारा हटूनच बसला, "मरायच्या आधी एकदा तितराचा रस्सा खाणार!" नेलं बाबा त्यांना शिकारीचा परवाना काढायला.

खिडकीवर किप्पा, म्हणजे धार्मिक ज्यूंची छोटी गोल टोपी, घातलेला कारकून. त्याने विचारलं, "बंदूक कुठली?"

सासऱ्यांना हिब्रू येत नव्हतं, मी त्यांना मराठीत सांगितलं, तसे ते भडकले. "बंदूक कशाला? गोळीने मारलेलं आपल्या धर्माला चालतं का? अलिबागला आम्ही फासे लावून जिवंत धरायचो, मग सिनेगॉगचा हजान, प्रार्थना सांगणारा, नियमाप्रमाणे सुरी फिरवायचा."

मी ते हिब्रूत सांगितलं. कारकून म्हणाला, "फाशांना बंदी आहे. परवाना फक्त बंदुकीचा."

सासरे आणखीच तापले. "म्हणजे फासा लावला तर सरकार धरणार, गोळी घातली तर देव! मग ज्यूंच्या देशात ज्यूने तितर खायचं तरी कसं?"

मी हेही हिब्रूत सांगितलं. कारकुनाने दोनदा किप्पा सारखा केला, उठला, आत साहेबांकडे गेला. बऱ्याच वेळाने परत आला.

"साहेब म्हणतात, वीस वर्षं परवाने देतोय, पण हे त्यांनाही माहीत नाही. ते विचारतायत, चवीला कसं लागतं?"