पाटीवरचा माणूस

बसच्या रांगेत माझ्या पुढे एक बहीण-भाऊ उभे होते. भावाच्या नखांत निळा रंग होता.

"रस्ता ओलांडायच्या पाट्यांवरचा तो चालणारा माणूस तू दादावरूनच काढलास ना?"

"हो. साचा कापायचा होता, म्हणून त्याला भिंतीशी उभं केलं आणि सावली गिरवली. आता सगळ्या शहरात तोच लागलाय, ताई."

"दादा गेल्यापासून आई रोज चौकातल्या पाटीखाली जाऊन उभी राहते."

"राहू दे की. तेवढंच तिला बरं वाटतं."

"परवा म्हणाली, त्याने तोंड फिरवलंय. आपल्या गल्लीकडे."

"वाऱ्याने पत्रा फिरला असेल."

"मलाही तसंच वाटलं. आज सकाळी जाऊन पाहिलं."

"मग?"

"पत्रा जागेवर आहे. नुसता निळा. माणूस नाहीये त्यावर."

"रंग उडाला असेल गं. साचा आहे माझ्याकडे, उद्या नवा काढतो."

"नको काढूस. आई दाराची कडी काढून बसलीय. म्हणते, पावलं जिन्यापर्यंत आलीत."

"आईचं काय मनावर घेतेस?"

"मलाही ऐकू आली, म्हणून तर तुला न्यायला आले."