दोनशे पंचावन्नावा चौकोन

...अन् वरून मलेच सांगते, मेमरी कमी हाये! अबे, सोळा जीबी टाकली ना तुह्या पोटात! आधी चार होती, मंग आठ केली, मंग साकोलीहून आणखी एक पट्टी आणून ठोकली, आतला पंखा पुसला, अगरबत्तीबी लावली... तरी पडद्यावर तेच. मेमरी कमी हाये!

तुमाले सांगतो जी, चूक माहीच. आमचं जुनं गाव धरणात गेलं. नव्या गावात प्लॉट भेटले चिठ्ठ्या टाकून, म्हणजे ज्याच्या भिंतीले आपली भिंत, तो गेला पार तिकडल्या टोकाले, अन् ज्याचं तोंड पाहत नव्हतो, तो आता शेजारी! पण लग्नाचं आवतन? ते अजूनबी जुन्या गावच्याच रांगेनं जाते. मारुतीपासून सुरू, मंग गल्लीगल्लीनं एकेका घराले अक्षत. एक घर सुटलं का झालं, पाच वर्षं बोलणं बंद! आता ते रांग सांगणारे म्हातारे राहिले किती? म्हणून म्या, कॉम्प्युटर क्लासवाला शहाणा, पंचवीस वर्षांपूर्वी प्रोग्राम बनवाचं जे एक सॉफ्टवेअर शिकलो होतो, त्याच्यात अख्खं गाव मांडाले घेतलं. एका घराले एक चौकोन, चौकोनावर नाव.

रंभाबाईची नात शालू, तिचं लगन आठ दिवसांवर. रंभाबाई रोज दारात. "लवकर कर ना गा बाबू, अक्षत निंगाची हाये!"

अन् बाकीचे? मंगरू म्हणते, "माह्या घरासमोरची चिंच काहून नाई टाकली?" अरे, चिंचीले अक्षत देतं का? "तिच्याखाली माहा बाप बसे. चिंच नाई तं माहं घर कसं वळखू येईन?" टाकली चिंच. बाबुलालची विहीर टाकली, भैयाजीचा गोठा टाकला... खोटं कायले बोलू, टाकता टाकता माहेबी डोळे भरून येत. पाण्याखालचं गाव एकेक चौकोन करत वर येऊन राहिलं होतं ना जी! अन् शेवटचं नत्थूचं घर टाकलं, तं... मेमरी कमी हाये!

पुण्याच्या भाचीले, टीनाले, फोन केला. ते हासली! "मामा, रॅम भरपूर हाये. तुमच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरात एका पानावर दोनशे चौपन्नच नावं बसतात. जास्त झाली का ते मेमरीच्या नावानं रडते. एक काढा ना."

एक काढा! पोरीचं काय जाते म्हणाले? कोणतं काढू? मंगरूले ईचारलं, चिंच काढू का? त्यानं असं पाहिलं, जसा मी कुऱ्हाडच घेऊन आलो. बाबुलाल म्हणते, "माही विहीर दुसऱ्यांदा बुडवतं का बे?" अन् नत्थू एकटा माणूस, दोन्ही पोरं नागपूरले, आवतन आलं तं तेवढंच कोणी त्याच्या दारात येते.

शेवटी म्या एक चौकोन काढला. मारुतीपासून अकरावं घर, दारात कडुलिंब. माहं. म्हटलं, आपलं आपल्याले पाठ हाये. अन् झटकन चालू झालं जी! रंभाबाईनं कागद छापून नेला, छातीशी धरून.

अक्षत निंगाली. मी नवा सदरा घालून दारात उभा. शेजारच्या नत्थूले अक्षत भेटली, तो रडूनच राहिला. अन् रंभाबाई कागदात पाहत पाहत माह्या दारावरून सरळ पुढं!

आमची उषाबाई, म्हणजे माही बायको, ओसरीतूनच कडाडली, "आपलं घर सुटलं? कोणं बनवला हा नकाशा? पाच वर्षं बोलणार नाई मी त्याच्यासंगं!"

बाई शब्दाची पक्की हाये जी. आज दीड महिना झाला. म्हणून तं तुमाले सांगत बसलो... घरी ऐकाले हाये कोण?