कुलूप लावायचं स्वातंत्र्य

...आणि वर म्हणे स्वातंत्र्य! आता मला सांगा, पाचूबंदरच्या क्लेमेंटीनने असं काय पाप केलं होतं? स्टॅनी नाखव्याची पोरगी, कॉम्प्युटर शिकली, बापाच्या बोटीसाठी भरती-ओहोटी सांगणारं मोबाइलचं ॲप लिहिलं आणि त्याचा सगळा कोड नेटवर उघडा ठेवायचं ठरवलं... घ्या, बघा, बदला, वाटा, विका. फक्त एक अट घालणार होती, की बदल करून दुसऱ्याला द्याल तर तुमचा कोडही असाच उघडा ठेवा. तर तिचा कॉलेजातला मित्र बेसिल, गोखिवऱ्याच्या एका कंपनीत कामाला, मान वाकडी करून म्हणतो कसा, "अगं, अट आली की स्वातंत्र्य कसलं? बिनअटीचं लायसन्स लाव, मन मोठं ठेव." हिने ठेवलं मोठं मन. स्वातंत्र्य म्हणे!

पुढे काय झालं असेल? बेसिलच्याच कंपनीने कोड उचलला, वरून निळा रंग फासला, कुलूप ठोकलं आणि बंदरावरच्या नाखव्यांना विकला. विकला त्याचं तिला काही नव्हतं हो, ती मुभा तिनेच दिलेली... पण तुम्हाला सांगतो, त्या शहाण्यांनी वेळेचं गणितही 'सुधारलं'. मोबाइलवर भरती आणि खाडीत चिखल! बोटी रुतल्या, बर्फ वितळला, मासळी नासली, आणि त्यात स्टॅनीचीही बोट, त्यानेही विकतचंच ॲप घेतलेलं. सगळे हिच्या दारात. "बाय, तूच केलंस ना? मग तूच नीट कर." काय नीट करणार, कपाळ? स्वतः लिहिलेलं, आणि आत डोकावायची सोय नाही.

गेली तणतणत गोखिवऱ्याला. बेसिल एसीत बसून, आवाजात नुसता मध, "क्लेमी, स्वातंत्र्य तूच दिलंस ना? मग कुलूप लावायचं स्वातंत्र्यही त्यातच आलं की." स्वातंत्र्य म्हणे! अहो, ज्याची बोट रुतली त्याचं स्वातंत्र्य कुठल्या कलमात बसवायचं?

ती भांडली नाही. घरी आली, गणित पुन्हा तपासलं, नवं ॲप काढलं, या वेळी अटीसकट. लगेच बेसिलचा फोन, "ही तर हुकूमशाही झाली गं." ऐका! चोराला अट टोचायला लागली की लगेच हुकूमशाही...

नवं ॲप तिने आधी बापाच्या मोबाइलमध्ये घातलं. "पप्पा, यात चूक निघाली तर जाणणारा कोणीही उघडून दुरुस्त करेल. कोणाच्या पाया पडायला नको." स्टॅनीने शांतपणे ऐकलं, मान डोलावली, मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"बरा हाय, बाय. पन फुकटचा ना? मग कंपनीवालाच ठेव. त्याला पैसे भरलेत... कवातरी पानी बरोबर सांगेलच."