निळ्या हिरड्या आणि आक्कांचा पाट

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. मंचावरचे दोन्ही पाहुणे. आज ज्यांच्या निरोपासाठी आपण कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावली त्या आक्का. पहिल्या रांगेत बसलेले आक्कांचे यजमान आणि लेक. आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आक्का घड्याळाकडे बघतायत, म्हणजे चारच उरली.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. आपण इथे स्क्रीनवर चित्र पाठवणारं मॉड्यूल बनवतो. बिस्किटाएवढं असतं. पण त्याला स्वतःची वीज नाही, स्क्रीनची वायर खुपसायला जागा नाही. एकटं ठेवलं तर काही कामाचं नाही. म्हणून तपासणीच्या टेबलावर एक मोठा बोर्ड असतो. मॉड्यूल त्यावर बसवायचं, बोर्ड त्याला वीज देतो, स्क्रीन जोडून देतो आणि मग कळतं, चित्र येतं की नाही. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आक्का त्याला पाट म्हणतात. एकतीस वर्षांत इथले सगळे पाट त्यांनी आखून काढले. मी त्या पाटावर बसणाऱ्या मॉड्यूलचं सॉफ्टवेअर लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी आक्कांनी नवा पाट काढला. तो तयार होऊन आल्यावर पहिलं मॉड्यूल मी त्यावर बसवलं. तपासणीसाठी आम्ही साहेबांचा फोटो वापरायचो, कारण रंग बिघडला तर माणसाच्या चेहऱ्यावर लगेच कळतो. साहेब स्क्रीनवर आले ते निळे. साहेब, क्षमा असावी, पण तुमची निळी टाय तेवढी छान केशरी दिसत होती.

आक्का त्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. मी काय करायला हवं होतं? पाट तपासायला हवा होता. मी काय केलं? सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घातली: लाल ते निळं समज, निळं ते लाल. साहेब लगेच गोरेगोमटे झाले. मी कोणाला काही बोललो नाही. एका ओळीचा काय गाजावाजा करायचा?

चाळीस मॉड्यूलं त्या पाटावर पास झाली आणि गिऱ्हाइकाकडे गेली. हे गिऱ्हाईक दातांच्या डॉक्टरांसाठी खुर्च्या बनवतं. खुर्चीला छोटा कॅमेरा आणि समोर स्क्रीन, आपलं तोंड आपल्यालाच दिसतं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अहो, पेशंटच्या हिरड्या निळ्या दिसतायत!"

आमच्या विक्रीवाल्यांनी विचारलं, "सगळ्याच पेशंटच्या?"

"सगळ्यांच्या! एक बाई तर खुर्चीवरून उठून थेट घरी गेल्या. मृत्युपत्र करते म्हणाल्या."

हसताय तुम्ही. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. ती ऑर्डर गेली असती तर अर्धा विभाग घरी बसला असता. आक्का रजेवरून परत आल्या, त्यांनी मीटर घेतला आणि पाटावरची एकेक तार टोचून पाहायला लागल्या. दुपारपर्यंत सापडलं. आराखड्यात लाल रंगाच्या आठ तारा निळ्याच्या जागी गेल्या होत्या, निळ्याच्या लालच्या जागी. पाट उलटा आणि त्यावर माझी ओळ उलटी, म्हणून आमच्या टेबलावर सगळं सुलटं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत त्यांचा स्वतःचा पाट, तो मुळातच सुलटा होता. तिथे फक्त माझी ओळ उरली.

संध्याकाळी मीटिंग झाली. साहेबांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "कोणाची चूक?"

मी पंख्याकडे पाहत होतो. पंखा बंद होता, तरी पाहत होतो.

आक्का उभ्या राहिल्या. "पाट माझा. तारा मी उलट्या नेल्या. दोन दिवस द्या, नीट करते." आणि बसल्या.

साहेबांना तेवढं पुरलं. फाइलीत लिहिलं गेलं, "बोर्डातील दोष." चहाच्या मशीनपाशी आक्का माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"ती ओळ आज काढ."

"कुठली ओळ, आक्का?"

"जी तू घातलीस ती." त्यांनी चहा घेतला. "माझं मी सांगितलं. तुझं तू सांग, सवड होईल तेव्हा."

दोन दिवस त्या भिंगाखाली केसासारख्या सोळा तारा अदलाबदल करत बसल्या. मी ओळ काढली, मॉड्यूलं परत मागवून पुन्हा भरली, ऑर्डर वाचली. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. सगळ्यांना वाटत होतं ती आक्कांची. ती बाहेरून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली, कारण फाइलीत तो शेरा होता. आक्कांनी त्या गृहस्थांना सहा महिने काम शिकवलं.

आणि मला सवड व्हायला नऊ वर्षं लागली.

आक्का, हात हलवून मला खाली बसवू नका, एकच मिनिट. साहेब, त्या फाइलीत आज माझ्या नावानं एक ओळ वाढवावी, ही भर सभेत विनंती. पाट चुकला होता हे खरं. पण तो पहिल्याच दिवशी ओरडून सांगत होता आणि त्याचं तोंड मी दाबलं.

आक्कांच्या घरच्यांचे आभार, त्यांनी एकतीस वर्षं आक्का आम्हाला उसन्या दिल्या. टेबलं हलवणाऱ्या कॅन्टीनवाल्यांचे आभार. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. ती ओळ मात्र कोणी पोटात घालू नका. नऊ वर्षं मी तेच करत होतो, आणि ते पचत नाही.