नऊ ते साडेअकराचं ऊन

बाई : टेप परत खिशात घालू नका, मिस्त्री. आधी माप घ्या, चहाचं नंतर बघू.

मिस्त्री : माप काय घ्यायचं, बाई? साडेतीन फूट. ही भिंत मीच तर फोडली होती.

बाई : म्हणून तर तुम्हालाच बोलावलं. वरचा मजला चढवताना म्हणालात, विटा-वाळू शेजारच्या अंगणातून आत आणायला बागेची थोडी भिंत पाडतो, काम संपलं की आठ दिवसांत बुजवून देतो. चार वर्षं झाली त्या आठ दिवसांना.

मिस्त्री : मधे माझी कंबर धरली होती.

बाई : कंबर दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी मेहुण्याचं घर निघालं, तिसऱ्या वर्षी वाळू मिळत नव्हती, आणि मागच्या वर्षी मला रस्त्यात बघून तुम्ही सायकल वळवलीत. छत्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिलेत मी. तारखा मला कुणी शिकवू नयेत.

मिस्त्री : सायकलचं खोटं नाही.

बाई : लिहून घ्या. हे खिंडार बुजवायचं. आणि शेजारच्या बाजूची सगळी भिंत सात फूट करायची. वर काचा लावायच्या.

मिस्त्री : काचा कशाला, बाई? चांगल्या घराला शोभत नाही ते.

बाई : आणि माझ्या बागेत दुसऱ्याच्या गाद्या वाळत घातलेल्या शोभतात? ती बघा पेरूला दोरी. झाड माझं, दोरी त्यांची. उशा माझ्या कट्ट्यावर. आणि ती खुर्ची तर आता घरी नेतच नाहीत. तिला इथंच मुळं फुटलीत.

मिस्त्री : खुर्ची म्हाताऱ्यासाठी आहे.

बाई : माहीत आहे मला कुणासाठी आहे ते. शेजारणीचे सासरे नऊच्या ठोक्याला हजर. खिंडारातून आधी काठी येते, मग ते. विचारणं नाही, सांगणं नाही. मी दार उघडलं की माझ्याकडे बघून हात करतात. तोही अर्धवट, छातीपर्यंत आणून सोडून देतात. जसं काही घर त्यांचं, आणि मीच पाहुणी आलेय.

मिस्त्री : बोलून नाही बघितलंत?

बाई : बघितलं ना. दोनदा बघितलं. पहिल्यांदा शेजारीण म्हणाली, 'हो ताई, उद्यापासून गाद्या लवकर उचलते.' म्हणजे घालणार त्या घालणारच. दुसऱ्यांदा मी सरळ म्हटलं, 'तुमचे सासरे रोज इथं असतात.' तर म्हणाली, 'तुमचे उपकार आहेत, ताई.' आता ह्यावर माणसानं बोलायचं काय? उपकार मी केलेच नाहीत, ते परत कसे मागू?

मिस्त्री : बिचारी भिडस्त आहे.

बाई : भिडस्त माणसं दुसऱ्याच्या झाडाला दोऱ्या बांधत नाहीत. आणि माझ्या रोपांचं ऐका. मागच्या महिन्यात झिनियाचं बी पेरलं. दोन-दोन पानांची रोपं वर आली. दुपारी बघते तर वाफा साफ. सगळी रोपं उपटलेली, आणि जुडी बांधून माझ्या पायरीवर ठेवलेली. जुडी, मिस्त्री. गवताच्या काडीनं बांधलेली. मी परत पेरलं. परत जुडी.

मिस्त्री : तण समजून काढली असतील.

बाई : माझ्या वाफ्यातलं तण काढायला त्यांना कुणी नेमलंय?

मिस्त्री : तेही खरंच.

बाई : खरंच काय, खरंच? तुम्हाला वाटत असेल, म्हातारी झाली, किरकिरी झाली. तसं समजा. पण छत्तीस वर्षं त्या खिडकीबाहेर माणसंच माणसं बघितली मी. कण्हणारी, भांडणारी, रांग मोडून पुढे हात घालणारी. घरी यावं तर दोन खोल्यांत सातजण. शेवटच्या दिवशी खिडकी लावून घेतली तेव्हा ठरवलं, आता सकाळी समोर झाड दिसलं पाहिजे, माणूस नाही. एवढी एकच हौस केली आयुष्यात. आणि आज माझ्याच बागेत जाताना मी पडदा सरकवून बघते, आहेत का गेले. चोरासारखी. घर माझं, आणि चोरी मलाच.

मिस्त्री : सात फूट केली, तर दुपारनंतर तुमच्याच वाफ्यावर सावली पडेल, बाई.

बाई : पडू दे.

मिस्त्री : झिनियाला ऊन लागतं.

बाई : तुम्ही गवंडी आहात का माळी? काम करायचं नसेल तर तसं सांगा, मी दुसरा बघते.

मिस्त्री : तसं नाही.

बाई : मग कसं?

मिस्त्री : बसू का जरा?

बाई : त्या खुर्चीवर नको. पायरीवर बसा.

मिस्त्री : बाई, आता पावणेनऊ झालेत. ऊन कुठंय बघा. पेरूपाशी आहे, खुर्चीवर आहे. आता शेजारच्या ओसरीकडे बघा.

बाई : सावली आहे.

मिस्त्री : कुणाची?

बाई : घराची. अजून कुणाची असणार?

मिस्त्री : कुणाच्या घराची?

बाई : मिस्त्री, सकाळी सकाळी कोडी घालू नका मला.

मिस्त्री : तुमच्या वरच्या मजल्याची आहे. तो नव्हता, तेव्हा त्यांच्या ओसरीत सकाळभर ऊन असायचं. म्हातारा तिथंच बसायचा, कामाला पायाडावर चढलो की वरून रोज दिसायचा मला. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी त्यांची सून आली माझ्याकडे. म्हणाली, मिस्त्री, आमचं ऊन जाणार का? बाईंना सांगून बघा, मजला तीन फूट आत घेतला तर अर्धं तरी राहील.

बाई : मला हे कुणी सांगितलं नाही.

मिस्त्री : नाही सांगितलं.

बाई : का नाही?

मिस्त्री : सळ्या बांधून झाल्या होत्या. पंधरा माणसं सांगून ठेवलेली. तीन फूट आत घ्यायचं म्हणजे सगळं उकलायचं. ती म्हणाली, मग मी नगरपालिकेत अर्ज देते. अर्ज गेला असता, तर काम बंद पडलं असतं, बाई. तुमचंही आणि माझंही.

बाई : मग काय केलंत?

मिस्त्री : बोलून गेलो.

बाई : काय बोलून गेलात? एका दमात सांगा.

मिस्त्री : म्हटलं, बाईंशी माझं बोलणं झालंय. तुमचं ऊन गेलं तर आमची बाग तुमचीच समजा, असा निरोप आहे. म्हाताऱ्यांना खुशाल बसू दे, गाद्या घाला, तेवढ्यासाठी भिंतीतली वाट उघडी ठेवतोय.

बाई : मी असं म्हणाले?

मिस्त्री : तुम्ही कुठं? मीच म्हणालो. तुमच्या नावानं.

बाई : माझी बाग. न विचारता. देऊन टाकलीत.

मिस्त्री : त्या वेळी वाटलं, चार दिवस बसतील, मग कंटाळतील.

बाई : आणि म्हणून खिंडार बुजवायला येत नव्हतात. कंबर नाही, वाळू नाही, काही नाही.

मिस्त्री : कंबर खरी होती.

बाई : गप्प बसा. चार वर्षं मी त्या माणसांना निर्लज्ज म्हणतेय. बहिणीला फोनवर तेच सांगते, मुलाला दर रविवारी तेच. तोही वैतागला. म्हणाला, आई, भिंत बांधून मोकळी हो.

मिस्त्री : वर राहायला येणार होता ना तो?

बाई : येईल.

मिस्त्री : वरच्या खिडक्यांच्या काचांवरचं प्लास्टिक अजून तसंच दिसतंय.

बाई : येईल म्हटलं ना. मजल्यावर घसरू नका, बागेचं बोला.

(खिंडारातून आधी काठी आत येते, मग म्हातारे सासरे, आणि त्यांच्या कोपराला धरून शेजारीण.)

शेजारीण : ताई, नऊ वाजायचेत अजून, माहीत आहे मला. पण आज मामंजी फार गारठलेत, म्हटलं जरा आधीच... अहो मिस्त्री, तुम्ही? कंबर बरी आहे का?

मिस्त्री : बरी आहे, वहिनी.

शेजारीण : आणि हा टेप?

बाई : ही भिंत मोजतायत. बुजवायची आहे.

शेजारीण : मामंजी, थांबा जरा. काठी नीट टेका. ताई, आमचं काही चुकलं का?

बाई : मला एक सांगा. बाग वापरा असं मी तुम्हाला म्हटलं होतं?

शेजारीण : तुम्ही नाही, मिस्त्रींनी येऊन सांगितलं. तुमचाच निरोप म्हणून. मी अर्ज लिहून ठेवला होता, तो ह्या मिस्त्रींच्यादेखत फाडला मी.

बाई : तो निरोप माझा नव्हता. मला आत्ता, ह्या पायरीवर कळतंय.

शेजारीण : मिस्त्री?

मिस्त्री : वहिनी, काम थांबू नये म्हणून मीच आपलं...

शेजारीण : म्हणजे चार वर्षं आम्ही न विचारता येतोय? रोज? आणि मी मनात तुम्हालाच नावं ठेवत होते, ताई. म्हणायचे, शब्द दिला खरा, पण आता जड जातोय बाईंना. पडदा सरकवून बघतात, तोंड वाकडं करतात. द्यायचं नव्हतं तर कबूल कशाला केलं?

बाई : मी तुम्हाला काय काय म्हणत होते, ते विचारूच नका.

शेजारीण : मामंजींनी तर मनाला लावून घेतलं होतं. म्हणायचे, फुकट बसायचं नाही कुणाच्या दारात, बसतोय तर तण तरी काढून देतो. तुम्हाला दिसावं म्हणून जुडी बांधून पायरीवर ठेवायचे.

बाई : तण नव्हतं ते. झिनिया होती.

शेजारीण : दोन्ही वेळा?

बाई : दोन्ही वेळा.

शेजारीण : त्यांना एका डोळ्यानं दिसत नाही हो. दुसऱ्यानं हिरवं तेवढं कळतं. राहू दे आता. चला मामंजी, मागं फिरा. मिस्त्री, तुम्ही बांधा भिंत. खुर्ची मी नेते. दोरी संध्याकाळी सोडते, गाठ फार बसलीय तिची.

बाई : थांबा. तुमच्याकडे आता ऊन येतं कधी?

शेजारीण : दुपारी दोनला.

बाई : कुठं?

शेजारीण : स्वयंपाकघराच्या ओट्यावर. हातभर. तिथं कुठं बसवू त्यांना?

बाई : मिस्त्री, हसताय का?

मिस्त्री : नाही, बाई. हसायला तोंड कुठंय मला?

बाई : हे बघा, मी स्पष्ट सांगते. मला हे आवडत नव्हतं आणि आत्ताही आवडत नाही. सकाळी बागेत मला माणूस नकोय. तुमच्या मामंजींबद्दल काही नाही, कुणीच नकोय.

शेजारीण : कळलं, ताई. म्हणून तर त्यांना नेतेय.

बाई : पुरतं ऐकून तरी घ्या. मजला माझा आहे. रिकामा आहे, पण माझा आहे. सावली त्याची आहे. तो काही मला उतरवून कपाटात ठेवता येत नाही. बसवा त्यांना खुर्चीवर, उभे राहून पाय थरथरतायत त्यांचे.

शेजारीण : आत्ता?

बाई : आत्ता. ऊन गेल्यावर बसवून काय उपयोग? मिस्त्री, उठा. सात फूट राहू दे, काचा राहू दे. आहे तेवढीच भिंत. खिंडार मात्र बुजवायचं, आणि तिथं दार ठेवायचं. अडीच फुटांचं. माणूस आणि काठी आत येईल, गादी येणार नाही, एवढंच.

शेजारीण : गाद्या नाही आणत, ताई.

बाई : दोरी आजच सोडायची. गाठ सुटत नसेल तर कापा. वाफ्याला हात लावायचा नाही. काही करायचंच असेल, तर पेरूखालची वाळलेली पानं गोळा करावीत त्यांनी, ती उपटावी लागत नाहीत. आणि वेळ नऊ ते साडेअकरा. मी बागेत असले तर बोलायला यायचं नाही. साडेअकरानंतर खिडकी बंद.

शेजारीण : खिडकी?

बाई : दार. दार बंद.

मिस्त्री : दाराचं सगळं माझ्याकडून, बाई.

बाई : ते तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. आठ दिवसांत दार लागलं पाहिजे. ह्या वेळचे आठ दिवस मी मोजणार आहे.

मिस्त्री : परवा सुरू करतो. कडी कुठल्या बाजूला लावू?

बाई : माझ्या. नऊला मी काढेन.

शेजारीण : बरोबर आहे.

मिस्त्री : नेहमीच्याच उंचीवर ना? खांद्याला?

बाई : नको. खाली लावा, कमरेशी. मधेच घरी जावंसं वाटलं, तर त्यांचं त्यांना काढता आली पाहिजे, मला हाका नकोत. त्यांचा हात खांद्यापर्यंत पोचत नाही.

शेजारीण : हे तुम्हाला कुणी सांगितलं, ताई? आम्ही बाहेर कुणाजवळ बोललो नाही.

बाई : सांगायला कशाला हवं कुणी? चार वर्षं रोज सकाळी हात करतात ते मला.