काटा चढून राह्यला

तुमी हासता बे, पण त्या दिवशीची गोष्ट ऐका. दिग्रसजवळच्या आमच्या वावरातून मी सोता बनवलेलं इमान पहिल्यांदा उडवणार होतो. त्याले जुन्या मोटारीचं रोटरी इंजिन बसवलं होतं. मायनं सकाळीच इमानाची पूजा केली. उडायच्या आधी इंजिन जमिनीवरच जोरात चालवून पाह्यलं, तं एक्झॉस्टच्या, म्हंजे धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपच्या, टेंपरेचरचा काटा चढून राह्यला. थांबेचना. पाइप लाल झाला.

"बंद कर!" माहा दोस्त गजानन बोंबलला. "पेट्रोल कमी पोचून राह्यलं, म्हणून तापते!"

नळी पाह्यली, फिल्टर पाह्यला. सारं साफ.

"काल तं ठीक होतं," मी म्हटलं. "आज काय बदललं?"

टाकीचं झाकण फिरवलं, तं फुस्सकन हवा आत गेली. झाकणाले हवा आत जायले जे बारीक भोक असते, त्याच्यावरच मायनं हळदीकुंकवाचा जाड टिळा लावला होता. तो वाळला, भोक बुजलं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना.

हेच वर गेल्यावर झालं असतं तं?

मायचं तोंड एवढंसं झालं. "मंग आता कुकू कुठं लावू?"

मी कपाळ पुढं केलं. "इथं लाव. अन् जाड लाव."